मापं बरोबर असूनही कीटक खोटा का दिसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तांब्याची तार आणि एपॉक्सी पुट्टी वापरून तुम्ही एक भुंगेरा, एक नाकतोडा आणि एक चतुर केलात. फोटोंवरून आणि खिडकीपाशी मरून पडलेल्या कीटकांवरून व्हर्नियरने मापं घेतलीत, रंगाचे चार-चार थर दिलेत, तरी बघणारा म्हणतो, "छान खेळणं आहे." आता एअरब्रश आणि चांगलं रेझिन घ्यावं का, हे तुम्ही विचारलंय. शिवाय खरे कीटक पकडून, टाचून ठेवल्याशिवाय हे काम जमणारच नाही का, असंही विचारलंय.

तुम्ही जोडलेले तिन्ही फोटो मी मोठे करून पाहिले. रंगात मला खोट दिसली नाही. भुंगेऱ्याच्या पाठीवरची हिरवी झाक तर सुरेख उतरली आहे, त्यामुळे एअरब्रशचा विचार सध्या बाजूला ठेवा. खोट आहे ती उभं राहण्यात. तिन्ही कीटक टेबलावर नुसते ठेवल्यासारखे दिसतात. त्यांच्या पायांवर अंगाचा भार आलेला दिसत नाही, आणि पाय जिथून निघायला हवेत तिथून निघत नाहीत. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण त्याच्या डोळ्याला ते लगेच जाणवतं.

पुढचं सगळं मी एक गोष्ट गृहीत धरून लिहिते आहे: तुम्हाला खऱ्या आकाराचा, हातभर अंतरावरून बघायचा कीटक करायचा आहे. शिकवण्यासाठी दहा-वीस पट मोठी प्रतिकृती करायची असेल तर हिशोब वेगळा होतो. तिथे प्रत्येक केस मोजावा लागतो. बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात १९३० ते १९५५ या काळात आल्फ्रेड केलर नावाच्या शिल्पकाराने कागदाचा लगदा, प्लास्टर आणि सेल्युलॉइड वापरून असे मोठे कीटक घडवले. एकेका कीटकाला त्याला साधारण वर्ष लागायचं. विशिष्ट जातच ओळखू यायला हवी असेल तर पंखांच्या शिरांची रचनाही जुळली पाहिजे, आणि मग संग्रहातला नमुना शेजारी ठेवून, जाणकाराला विचारत काम करण्याला पर्याय नाही. पण खऱ्या आकारात, हातभर अंतरावरून, डोळा आधी बाह्यरेषा आणि उभं राहणं वाचतो. केस आणि शिरा नंतर येतात.

भुंगेऱ्यापासून सुरुवात करू, कारण त्यातली चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. कीटकाच्या शरीराचे तीन भाग असतात, डोकं, छाती आणि पोट, हे आपण शाळेत शिकतो. सहाही पाय छातीला असतात हेही शिकतो. भुंगेऱ्याकडे वरून बघितलं की डोकं दिसतं, त्यामागे ढालीसारखा एक तुकडा दिसतो, आणि मग पाठीवरची दोन कठीण झाकणं. साहजिकच आपण त्या मधल्या तुकड्याला छाती समजतो आणि झाकणांखाली सगळं पोट आहे असं धरून चालतो. प्रत्यक्षात छातीचे तीन खंड असतात आणि प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असते. भुंगेऱ्याचा वरून दिसणारा तुकडा हा त्यातला फक्त पहिला खंड आहे. दुसरा आणि तिसरा खंड झाकणांच्या खाली, पुढच्या भागात दडलेले असतात. म्हणजे मधले आणि मागचे पाय झाकणांच्या खालून निघतात. तुम्ही सहाही पाय त्या मधल्या तुकड्यात कोंबले आहेत. त्यामुळे मागचं जड अंग हवेत लोंबकळतं आणि भुंगेरा आता नाकावर उलथेल असं वाटतं, मग माप कितीही काटेकोर असो.

दुसरी गोष्ट, पाय कडेतून निघत नाहीत, खालून निघतात. मेलेला भुंगेरा उलटा करून भिंगातून बघा. पायाचा पहिला, आखूड तुकडा छातीच्या खालच्या बाजूला खोबणीत बसलेला दिसेल, मधल्या रेषेच्या बराच जवळ. पाय तिथून आधी बाहेर येतो, मग गुडघ्याशी खाली वळतो. वरून बघणाऱ्याला मांडीचा निम्मा भाग अंगाखाली लपलेला दिसतो. तुम्ही कडेला भोक पाडून तार खोवली, म्हणून पाय चिकटवल्यासारखे वाटतात. पुढच्या वेळी अंग करतानाच खालच्या बाजूला सहा खोबणी कोरून ठेवा.

आता सांधे. मऊ तार हातात आली की आपण ती बोटांनी वळवतो आणि तिला बाक येतो. कीटकाच्या पायात बाक जवळजवळ नसतो. त्याचं कवच बाहेरून कठीण असतं, आणि कठीण नळ्या एकमेकींना बिजागरीने जोडलेल्या असतात. गुडघा एकाच पातळीत उघडमीट करतो. सगळ्या दिशांना फिरवायचं काम मुळाजवळचा सांधा करतो. म्हणून तार चपट्या टोकाच्या बारीक पकडीनेच वाकवायची, आणि वाकवण्याची जागा आधी खुणेने ठरवायची. हे मला सगळ्यात चांगलं समजलं ते जपानी जिझाई ओकिमोनो बघताना. हे धातूचे साप, खेकडे, कीटक असतात, आणि त्यांचा प्रत्येक सांधा खरोखर हलतो. त्यांची परंपरा म्योचिन नावाच्या चिलखतं घडवणाऱ्या घराण्याशी जोडलेली आहे. शांततेच्या काळात चिलखतांची मागणी घटली, आणि त्या कारागिरांचे हात अशा वस्तूंकडे वळले. माणसाच्या अंगावर हलणारं चिलखत ज्याने केलंय, त्याला कीटक वेगळा समजावून सांगावा लागला नसेल. तो मुळातच चिलखत घालून हिंडणारा जीव आहे.

सांध्यांमध्ये मऊ, सुरकुतलेलं कातडं असतं. कवच चकाकतं, हे कातडं चकाकत नाही. तुम्ही सगळ्या पायावर एकसारखं चकचकीत वॉर्निश मारलं आहे. प्रत्येक गुडघ्याच्या आतल्या बाजूला केसाएवढी, थोडी फिकट, निस्तेज रंगाची रेघ ओढा आणि त्या रेघेवर वॉर्निश येऊ देऊ नका. दहा मिनिटांचं काम आहे, पण पाय एकदम वेगळा दिसतो.

पावलांचंही असंच. तुमच्या तारा टोकाला खिळ्यासारख्या संपतात आणि कीटक टोकांवर उभा राहतो. खऱ्या कीटकाचं पाऊल तीन-चार-पाच छोट्या मण्यांचं असतं, टोकाला दोन नख्या असतात, आणि ते पाऊल ज्यावर टेकलंय त्याचा आकार घेतं. पानाच्या कडेवर ते कडेला वळसा घालतं, खरबरीत सालीवर नख्या खाचेत रुततात. मी पावलासाठी अगदी बारीक तार ठेवते आणि तिच्यावर यूव्ही रेझिनचे सुईच्या टोकाने एकामागून एक थेंब ठेवते, प्रत्येक थेंब लगेच दिव्याखाली पक्का करत. मणी आपोआप तयार होतात. नख्यांसाठी रंगाच्या ब्रशमधला एक नायलॉनचा केस मध्ये दुमडून चिकटवते.

इथवर जे सांगितलं ते मेलेल्या कीटकावरूनही कळतं. चतुराच्या बाबतीत मात्र मेलेला कीटक फसवतो. मी केलेले पहिले तीन चतुर सहा पायांवर उभे होते, कारण चतुराला सहा पाय असतात हे मला माहीत होतं. मग एका सकाळी तळ्याच्या काठी, वाळक्या काडीच्या टोकावर बसलेला एक लाल चतुर मी पाऊण तास बघत बसले. तो उडायचा, हवेत काहीतरी पकडायचा आणि परत त्याच टोकावर यायचा. बसताना पंख आधी सरळ आडवे असायचे, मग एक हिसका, पंख थोडे पुढे आणि खाली, क्षणभर थांबून पुन्हा हिसका, आणखी खाली. डोकं मात्र सतत हलत होतं, बारीक मानेवर गरकन तिरकं व्हायचं. ऊन चढलं तसं त्याने शेपूट उचलायला सुरुवात केली आणि शेवटी ती जवळजवळ सूर्याकडे रोखून धरली. तसं केलं की अंगावर ऊन कमी पडतं. मी रेखाटत होते, आणि पाय मोजताना चारच भरले. दुर्बिणीतून नीट पाहिलं तेव्हा पुढचे दोन पाय दुमडून डोक्यामागे, डोळ्यांच्या पाठीशी घेतलेले दिसले. काडी चारच पायांनी धरलेली होती. नंतर कितीतरी चतुरांमध्ये हे पाहिलं. कुठल्याही टाचलेल्या नमुन्यात ते दिसलं नसतं, कारण तिथे सहाही पाय कुणीतरी नीट पसरवून ठेवलेले असतात.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. चतुराची छाती तिरकी असते. पंख मागे सरकलेले आणि पाय पुढे, अगदी डोक्याच्या मागे एका जुडग्यात. त्या पायांनी तो फारसा चालत नाही. ते काडी धरायला आणि भक्ष्य पकडायला आहेत. तुम्ही चतुराचे पाय मुंगीसारखे समान अंतरावर पसरले आहेत आणि त्याला सपाट फळीवर उभं केलं आहे. अशा जागी तो तुम्हाला क्वचितच भेटेल. फुलपाखरांकडे वळाल तेव्हाही हे आठवा: एका मोठ्या कुळातल्या फुलपाखरांचे पुढचे दोन पाय इतके आखडलेले असतात की ती चार पायांवरच बसतात.

आता कामाच्या क्रमाबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या अडचणीचं मूळ तिथेच आहे. तुम्ही अंग करता, त्याला पाय लावता आणि मग पाय वाकवून त्याला उभं करता. मी उलट्या बाजूने येते. आधी बैठक: काडी, साल, पान, जे असेल ते. त्यावर पेन्सिलीने पावलांचे ठिपके. मग अंग एका क्लॅम्पमध्ये धरून, हव्या त्या उंचीवर आणि हव्या त्या कलाने, ठिपक्यांच्या वर हवेत टांगते. त्यानंतर प्रत्येक पाय खोबणीपासून त्याच्या ठिपक्यापर्यंत नेते. मांडी, नडगी आणि पाऊल यांच्या लांब्या ठरलेल्या असतात, ठिपका आणि खोबण या जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे गुडघा किती उंच यायचा ते आपोआप ठरतं. मला ते वेगळं योजावं लागत नाही. डावा-उजवा पाय हुबेहूब सारखा होण्याची सवयही त्यामुळे सुटते.

हे ठिपके आणायचे कुठून? बाहेरून. मी वहीत आधी कीटक काढतच नाही, त्याची सहा पावलं वरून बघून सहा ठिपके काढते आणि अंगाची एक रेघ. बाजूने दिसत असेल तर जमिनीची एक रेघ, अंगाची एक, आणि मधलं अंतर. एका रेखाटनाला अर्धं मिनिट लागतं. अशी पन्नास झाली की एक गोष्ट दिसू लागते: चालताना कीटक एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय दुसऱ्या बाजूच्या मधल्या पायाबरोबर टेकवतो. तिवईसारखे तीन पाय जमिनीवर, तीन उचललेले, मग अदलाबदल. भुंगेरा चालताना दाखवायचा असेल तर नेमके हेच तीन पाय टेकलेले हवेत. थांबलेला दाखवायचा असेल तर सहाही टेकू द्या, पण शेवटचं पाऊल टाकून थांबल्यासारखे, थोडे मागेपुढे.

निरीक्षणासाठी सकाळची वेळ सगळ्यात सोयीची. कीटकांच्या अंगात स्वतःची ऊब फारशी नसते, त्यामुळे गारव्यात ते मंद असतात, आणि दव पडलेलं असेल तर बराच वेळ एका जागी राहतात. जवळ जाताना दोन गोष्टी पाळा: आपली सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही आणि झटका द्यायचा नाही. त्यांचे डोळे आपल्याइतकं बारीक बघत नाहीत, पण हालचाल फार पटकन टिपतात. हात इतका सावकाश न्या की तो हलतोय हे तुमचं तुम्हालाच कंटाळवाणं वाटेल. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून धरा आणि डोक्यासकट पुढे झुका. हात लांब करून भिंग कीटकावर धरलं तर चित्र इवलंसं दिसतं आणि कीटकही उडतो. माप हवं असेल तर तो बसला होता त्या जागेचा फोटो घ्या, आणि तो उडाल्यावर त्याच जागी पट्टी ठेवून त्याच अंतरावरून दुसरा फोटो घ्या. रात्री पांढरी चादर टांगून मागे दिवा लावलात तर पतंग येऊन बसतील, आणि त्यांचं बसणं तासभर निवांत बघता येईल. दिवा मात्र रात्रभर जळता ठेवू नका. तासाभराने बंद केला की ती पाखरं आपापल्या वाटेने जातात.

सबंध दिवस हिंडून तीस जाती बघण्यापेक्षा एका झुडपापाशी वीस मिनिटं बसणं या कामाला अधिक उपयोगी पडतं, हा माझा अनुभव. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही, आणि मग जिथे काही नव्हतं तिथे चार जीव असतात.

पकडून मारण्याची गरज मला आजवर पडलेली नाही. खिडक्यांच्या कट्ट्यांवर आणि दिव्यांखाली मेलेले कीटक पुष्कळ मिळतात. ते वाळून पाय आखडतात, म्हणून बंद डब्यात ओला कागद ठेवून, कीटक पाण्याला टेकणार नाही असा उंचावर, एक-दोन दिवस ठेवा. बुरशी येऊ नये म्हणून कागदावर जंतुनाशकाचे दोन थेंब टाका. सांधे मऊ होतात आणि प्रत्येक पाय कुठे, किती वळतो हे चिमट्याने हळूच हलवून बघता येतं. फक्त तीन गोष्टींसाठी त्याच्यावर विश्वास ठेवू नका: मऊ पोट सुकून आक्रसलेलं असतं, चतुरासारख्यांचे रंग मेल्यावर विटतात, आणि उभं राहणं त्यात उरलेलं नसतं. विकत मिळणाऱ्या टाचलेल्या फुलपाखरांच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. काही दुर्मिळ जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत, आणि आपल्या कामाला त्यांची तशीही गरज नाही.

पृष्ठभागाबद्दल थोडक्यात, कारण तिथे तुमचा हात आधीच चांगला आहे. चतुराचा पंख सपाट नसतो. मुख्य शिरा आळीपाळीने वर-खाली असतात, पन्हाळी पत्र्यासारख्या, आणि त्या घड्यांमुळेच इतका पातळ पंख ताठ राहतो. पंखासाठी घेतलेल्या सपाट, पारदर्शक फिल्मवर शिरा रेखल्या की ती फिल्मच दिसते. फिल्म मऊ रबरावर ठेवून बोथट सुईने पुढच्या कडेजवळच्या शिरा एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने दाबून घ्या. पुढच्या कडेच्या साधारण मध्यावरची खाच आणि टोकाजवळचा गडद ठिपका विसरू नका. आणि एखाद्या पंखाची मागची कड थोडी फाटलेली चालेल. बरेच दिवस उडलेल्या चतुराची असतेच.

धातूसारखी चमक हवी तिथे चमकीच्या पुडीखाली काळा रंग द्या. कीटकांतही तसंच असतं. चमक अतिसूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते आणि खालचं गडद रंगद्रव्य बाकीचा प्रकाश पिऊन टाकतं. पांढऱ्या बुडावर तीच पूड फिकट मोत्यासारखी दिसते. पुढे कधी खंडोबाचा किडा (मँटिस) करायला घ्याल, तेव्हा त्याच्या डोळ्यातला काळा ठिपका रंगवू नका. तुम्ही जिकडे जाल तिकडे तो ठिपका फिरताना दिसतो, कारण डोळ्याच्या ज्या नळ्या नेमक्या तुमच्याकडे रोखलेल्या असतात त्याच काळ्या दिसतात. रंगवलेला ठिपका एका जागी गोठतो. त्याऐवजी किंचित धुरकट रेझिनच्या घुमटात, गोलाईच्या केंद्रापाशी, एक बारीक काळा मणी बुडवा. कुठूनही बघितलं तरी तो मधोमध दिसतो.

सध्याचे तिन्ही कीटक टाकू नका. नाकतोड्याला सगळ्यात कमी दुरुस्ती लागेल: मागच्या पायांचे गुडघे पाठीच्या वर येऊ द्या, त्यांची पावलं अंगाच्या जवळ घ्या आणि पोट किंचित खाली लोंबू द्या. भुंगेऱ्याचे मधले आणि मागचे पाय मुळाशी कापा, झाकणांच्या पुढच्या भागाखाली नव्या खोबणी कोरा आणि ठिपक्यांवरून पुन्हा लावा. चतुराला फळीवरून काढून काडीच्या टोकावर बसवा, पुढचे दोन पाय डोळ्यांमागे दुमडा, पंख थोडे पुढे आणि खाली आणा. रंगाला हात लावू नका. मग तिघांचेही फोटो वरून न काढता, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून, बाजूने काढा आणि इथे टाका. पावलांशी काय झालंय ते मी त्यावरून सांगू शकेन.